क्रेडल व्हीएसए: भागाकार करणारं बीपी यंत्र

लेबर रूममधल्या साध्या डिजिटल यंत्रावर १३२/८४ आलं की कुणी वळून बघत नाही. शेजारी नाडी १२४ दिसत असली तरी नाही. खरं तर नाडीला वरच्या आकड्याने भागायचं असतं. १२४ भागिले १३२ म्हणजे ०.९४. हा भागाकार ०.९ च्या वर गेला की बाळंतिणीचं रक्त कुठे जातंय का, हे तपासायचं असतं. पण रात्री तीन वाजता, दोन खाटांमध्ये एक सिस्टर असताना, हा हिशोब करणार कोण? मायक्रोलाइफ कंपनीचं क्रेडल व्हीएसए (व्हायटल साइन्स अलर्ट) हे यंत्र तो स्वतः करतं आणि पिवळा दिवा लावतं. त्याची खरी खुबी एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांच्या गटाने हे यंत्र गरोदर आणि बाळंतिणींसाठी घडवलं. दंडावर बांधायचा पट्टा, हाताने दाबायचा रबरी फुगा आणि मुठीत मावेल असा डबा. मोटर नाही, त्यामुळे वीज फार कमी लागते. बॅटरी मोबाइलच्या साध्या चार्जरवर भरते. जिथे पेन्सिल सेल मिळेनासे होतात किंवा दुसऱ्याच कामाला लागतात, तिथे ही सोय मोठी आहे.

दिव्यांचा हिशोब असा. वरचा आकडा १४० च्या खाली, खालचा ९० च्या खाली आणि नाडीचा भागाकार (याला शॉक इंडेक्स म्हणतात) ०.९ च्या खाली असेल तर हिरवा. वरचा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते १०९ असेल तर पिवळा, वर जाणाऱ्या बाणासह. १६० किंवा ११० गाठलं की लाल. बाण खाली असेल तर प्रश्न बीपी वाढल्याचा नसून रक्तस्रावाचा किंवा जंतुसंसर्गाच्या शॉकचा असतो: भागाकार ०.९ पासून पिवळा, १.७ पासून लाल. वरचा आकडा ८० आणि नाडी १३६ झाली की बरोबर १.७ भरतात. त्या बाईकडे बघूनच धावपळ सुरू व्हायला हवी, दिव्याची वाट बघायची गरज नाही. म्हणून खाली बाणाच्या लालपेक्षा पिवळ्याचं मोल जास्त. रक्त गेलेली तरुण बाई बराच वेळ बीपी टिकवून धरते, नाडी मात्र आधीच चढलेली असते.

दिव्यांच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. गरोदरपणात आणि प्रीएक्लाम्पसियात (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही त्रास होतो तो आजार) अचूकतेची वेगळी तपासणी झालेली यंत्रं बाजारात मोजकीच आहेत आणि हे त्यांतलं एक आहे. कमी रक्तदाबातही ते तपासलं गेलं आहे. ही वेगळी तपासणी का लागते? डिजिटल यंत्र धमनीचा आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा उतरताना धमनीच्या भिंतीची जी थरथर पट्ट्यात उमटते, तिच्यावरून ते आकड्यांचा अंदाज बांधतं. प्रीएक्लाम्पसियात भिंत ताठ होते, दंडात सूज असते आणि थरथरीचा नमुनाच बदलतो. अशा वेळी एरवी अचूक असणारं यंत्रही कमी आकडा दाखवू शकतं. म्हणजे चूक नेमकी नको त्या बाजूला. १६४ च्या जागी १५२ दिसलं तर कागदावर ती बाई ‘थोडी वाढ’ या रकान्यात जाते आणि औषध तासभर लांबतं. कोणतंही बीपी यंत्र प्रसूतिगृहासाठी घेताना ‘अचूक आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘गरोदर बायकांवर, प्रीएक्लाम्पसिया असलेल्यांवर तपासलंय का?’ असंच विचारायचं.

आता उणिवा. काही यंत्राच्या आहेत, काही वापरण्याच्या.

पहिली उणीव पट्ट्याची. मध्यम पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठाच पट्टा हवा, नाहीतर आकडा फुगून येतो आणि निरोगी बाई पिवळ्यात ढकलली जाते. यंत्रासोबतच मोठा पट्टा मागवा, ‘नंतर घेऊ’ म्हणाल तर तो येत नाही. खोक्यात टेलरची टेप ठेवा आणि पहिल्या भेटीतच दंडाचा घेर कार्डावर लिहून टाका. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर. ब्लाउजची बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर करकचून बसला असेल तर ती बाही काढायचीच, किंवा पातळ असेल तर तशीच खाली सोडून त्यावर पट्टा बांधायचा. पीळ ठेवून घेतलेला आकडा लिहू नये.

दुसरी गोष्ट फुग्याची. मोटर नसल्याने किती फुगवायचं हे हातावर आहे. वरचा आकडा जिथे अपेक्षित आहे त्याच्या तीस-चाळीस वर न्यायचं. १८० बीपी असलेल्या बाईला १६० पर्यंतच फुगवलं तर यंत्राला वरचा आकडा सापडतच नाही, मग ते चूक दाखवतं नाहीतर भलताच आकडा देतं. आणि वैतागून लगेच पुन्हा फुगवू नका. पट्टा पूर्ण रिकामा करा, एक मिनिट जाऊ द्या. शिरांमध्ये तुंबलेलं रक्त उतरलं नाही तर दुसरा आकडाही बिघडतो.

बसण्याची पद्धत सगळ्या यंत्रांना सारखीच लागू आहे, पण इथे चूक थेट दिव्यात दिसते. पाच मिनिटं निवांत, पाठ टेकलेली, तळवे जमिनीवर, लघवी झालेली, तोंड बंद. पट्टा हृदयाच्या पातळीला. दंड दहा सेंटिमीटर वर गेला की आकडा साधारण सात-आठने उतरतो. प्रसूतिकक्षातली नेहमीची गफलत हीच: बाई डाव्या कुशीवर आणि पट्टा वरच्या, म्हणजे उजव्या दंडावर. तो दंड हृदयाच्या बराच वर असतो, १४६ चे १३४ होतात आणि हिरवा दिवा लागतो. उताणं झोपवून घेतलं तर भरलेलं गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं, बीपी पडतं, नाडी चढते आणि बाण उगाच खाली येतो. कळ चालू असताना तर घेऊच नये, दोन कळांच्या मधला वेळ गाठायचा.

तिसरी उणीव शॉक इंडेक्सची स्वतःची आहे. ती यंत्राच्या माथी मारता येणार नाही, पण घेणाऱ्याला माहीत हवी. गरोदरपणात नाडी मुळातच वाढते आणि मधल्या तिमाहीत बीपी जरा उतरतं. ९६/५८ आणि नाडी ८८ अशी ठणठणीत बाई भागाकारात ०.९२ वर जाते, पिवळा लागतो. रक्तक्षय, ताप, भीती, कळा, सगळं नाडी वाढवतं. तपासणीच्या दिवशी असे पिवळे बरेच लागले की कर्मचारी दिव्याकडे बघायचंच सोडून देतात. हा धोका खोट्या हिरव्याइतकाच मोठा. उपाय साधा: पिवळा खाली आला तर पाच मिनिटं बसवून पुन्हा घ्या, डोळ्यांची पापणी उलटून बघा, ताप बघा, रक्तस्राव विचारा, आणि हे सगळं ठीक असेल तर तसं लिहून पुढे जा.

उलट बाजूचा खड्डा जास्त खोल. लेबेटालॉल या बीपीच्या औषधावर असलेल्या बाईची नाडी औषधाने बांधलेली असते. रक्त गेलं तरी ती चढत नाही. १०४/६६ आणि नाडी ८४ म्हणजे ०.८१, दिवा हिरवा. आणि तासाभरापूर्वी तिचं बीपी १५० होतं, हे यंत्र हिशोबात धरत नाही. त्यामुळे दिव्याच्या रंगाची नोंद हा आकड्यांना पर्याय नाही. रजिस्टरमध्ये चार रकाने हवेत: वरचा, खालचा, नाडी, रंग व बाण. नुसतं ‘हिरवा’ लिहिलेलं पान पुढच्या डॉक्टरच्या काही कामाचं नाही. १३८/८८ ही हिरवाच आणि १०८/६८ ही हिरवाच, पण आधीच्या भेटीत १०८ असलेली बाई आज १३८ वर असेल तर तिला पुढच्या महिन्याची तारीख देऊन चालणार नाही.

यंत्र लघवीतलं प्रथिन सांगत नाही, डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखालचं दुखणं यांतलं काही विचारत नाही. काही बायकांना १४०/९० च्या आतच झटके येतात. हिरवा दिवा आणि ठणकणारं डोकं यांत डोक्याचं ऐकायचं.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात खाली बाणाचा दिवा म्हणजे उशिरा आलेला निरोप. रक्त मोजायचं असेल तर खुणा असलेली प्लास्टिकची चादर बाळ झाल्या झाल्या बाईच्या खाली सरकवा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत (२०२३) अशी चादर आणि ठरलेल्या उपचारांचा संच वापरला, तिथे ९३ टक्के रक्तस्राव वेळेत ओळखले गेले. नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. म्हणून रक्तस्रावासाठी चादर आणि बीपीसाठी हे यंत्र असं सरळ वाटप करावं.

मग मोठ्या प्रमाणावर वापरून झालं काय? क्रेडल-३ ही चाचणी २०१६-१७ मध्ये आफ्रिकेतले देश, भारत आणि हैती मिळून १० ठिकाणी झाली. टप्प्याटप्प्याने यंत्र आणि प्रशिक्षण देत गेले, ५,३६,२२३ प्रसूतींचा हिशोब ठेवला. मातामृत्यू, झटके आणि नाइलाजाने गर्भाशय काढावं लागणं, या तिन्हींचं मिळून प्रमाण दहा हजार प्रसूतींमागे ७९.४ वरून ७२.८ वर आलं. वाचायला बरं वाटतं, पण ठिकाणाठिकाणांतले आणि काळाबरोबर होणारे बदल हिशोबात धरल्यावर फायदा झाला की तोटा, हे सांगता येईना. जाहिरातीत पहिलं वाक्य दिसेल, दुसरं कदाचित नाही. यंत्र फसलं असा याचा अर्थ काढू नये. लाल दिवा लागला आणि कपाटात झटके टाळणारं मॅग्नेशियम सल्फेट नसलं, गाडी नसली, पुढच्या रुग्णालयात रक्त नसलं, तर दिव्याने करायचं काय?

म्हणून यंत्राच्या शेजारच्या खणात काय आहे यावर त्याचं मोल ठरतं. वर बाणाचा लाल: पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचं, पक्कं झालं की तासाच्या आत बीपीचं औषध, शिरेतून देता येत नसेल तर निफेडिपिन १० मिलिग्रॅम तोंडाने. सोबत झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि स्नायूंत देण्याची पद्धत असेल तर दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. मग रेफर. मॅग्नेशियम दिलं म्हणजे बीपी उतरेल, ही समजूत अजून जात नाही. ते झटक्यांसाठी आहे, २००२ च्या मॅगपाय चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला, पण बीपीचं औषध वेगळंच द्यावं लागतं. पुढच्या मात्रेआधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी पाहायची, आणि मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच खणात हवं. खाली बाणाचा दिवा आणि रक्तस्राव: गर्भाशय चोळणं, ते आवळणारं ऑक्सिटोसिन, आणि तीन तासांच्या आत रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून.

बाळाच्या बाजूने बघितलं तर वर बाणाचा पिवळा सगळ्यांत मोलाचा. वार नीट रक्त पुरवत नसते, बाळ पोटातच खुरटतं आणि बाईला स्वतःला काहीच त्रास वाटत नसतो. क्रेडल-४ या पुढच्या चाचणीत भारत आणि झांबियातल्या ३४ ते ३७ आठवड्यांच्या प्रीएक्लाम्पसियाच्या बायकांत ठरवून लवकर प्रसूती केली तेव्हा मृतजन्म कमी झाले आणि नवजात बाळांचं नुकसान वाढलं नाही. हा निर्णय घ्यायला आजार आधी सापडावा लागतो, आठवडे पक्के माहीत असावे लागतात आणि तीन ते सहा आठवडे आधी आलेल्या बाळाला ऊब, दूध आणि श्वासाची मदत देणारी खोली लागते. त्यातलं फक्त पहिलं या यंत्राने होतं.

घरी वापरायला? आमचं मत नाही असंच आहे. स्वतःच्याच हाताने फुगा दाबताना स्नायू आवळतात, आकडा चढतो, आणि मधल्या तिमाहीतले उगाचचे पिवळे दिवे रात्रीची झोप घालवतात. घरासाठी गरोदरपणात तपासलेलं, आपोआप फुगणारं, मागचे आकडे साठवणारं दंडाचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. तेही डॉक्टरांच्या तपासणीऐवजी नव्हे: इंग्लंडमधल्या बम्प-१ चाचणीत (२०२२) जोखमीच्या २,४४१ बायकांपैकी घरी मोजणाऱ्यांचा वाढलेला बीपी दवाखान्यात काही लवकर सापडला नाही, चाचणीत आल्यापासून सरासरी १०४ दिवस विरुद्ध १०६.

लहान प्रसूतिगृह, उपकेंद्र, घरोघर जाणारी आरोग्यसेविका यांच्यासाठी मात्र बिनधास्त घ्यावं. प्रत्येक खोलीला एक, मोठा पट्टा वेगळा, नळीला चिरा पडल्या का हे दर महिन्याला बोटांनी दाबून बघायचं, आणि वर्षातून एकदा जोडनळी लावून तपासलेल्या दुसऱ्या मापकाशी ५०, १०० आणि २०० वर ताडून पाहायचं. तीनहून जास्त फरक आला की दुरुस्तीला. पट्टा दोन बायकांच्या मध्ये पुसायचा, रक्त लागलं तर आतली पिशवी काढून कापड धुवायचं. आणि चार्जरवर यंत्राचं नाव लिहून ठेवा, कारण तो मोबाइललाही चालतो आणि पहिल्याच आठवड्यात नाहीसा होतो.