तुळशीबागेतले पुरणयंत्र: होळीपासून गौरींपर्यंत

होळीच्या आधी तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानांत पुरणयंत्रांच्या चळती लागतात आणि गिऱ्हाईक बहुधा दोनच गोष्टी विचारते, आकार केवढा आणि किंमत केवढी. या वस्तूची पारख खरे तर वेगळ्याच प्रश्नांनी करावी लागते. पात्याची कड जाळीला सर्वत्र टेकते का, जाळ्या बदलता येतात का, आणि खालची चाकी हाताने सुटते की तिच्यासाठी दर वेळी पान्हा शोधावा लागतो? मी तिथून घेतलेले स्टीलचे, हाताने फिरवायचे, मध्यम आकाराचे यंत्र होळी, पाडवा, नागपंचमी, श्रावणातले शुक्रवार आणि गौरीजेवण अशा सगळ्या प्रसंगांना वापरून झाले आहे, त्यामुळे त्याच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. किंमत साडेपाचशे रुपये पडली. त्यावर कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा शिक्का नाही आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

यंत्राची रचना साधी आहे. वर पसरट भांडे, तळाशी काढता-घालता येणारी जाळी, जाळीवर तिरके बसलेले पाते आणि पात्याच्या दांड्याला वरून मूठ. दांड्याच्या खालच्या टोकाला एक स्प्रिंग असते; ती पात्याला जाळीवर घट्ट धरून ठेवते आणि यंत्राचे सारे यश तिच्यावरच असते. ती सैल असेल तर पाते पुरणावरून नुसते घसरते, मूठ छान फिरते आणि खाली मात्र काहीच उतरत नाही. जाळीखाली एक आडवी तार फिरते, जी खाली आलेले पुरण खरवडून पातेल्यात पाडते. स्वस्तातल्या यंत्रांना ही तार नसते आणि मग दर चार फेऱ्यांनी यंत्र उलटे करून सुरीने खरवडत बसावे लागते. माझ्या यंत्राबरोबर तीन जाळ्या मिळाल्या. पातेल्याच्या काठावर अडकवायचे तीन आकडे नीट बसतात, मात्र पातेले रुंद तोंडाचे असेल तर एक आकडा सुटतो आणि एका हाताने यंत्र धरून ठेवावे लागते.

आमच्या घरी पुरणाच्या बाबतीत शेवटचा शब्द सासूबाईंचा असे. वाटलेल्या पुरणाची चिमूट त्या अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत आणि कणी लागली तर सगळे पुरण पुन्हा वाटायला लावत, कारण पोळी लाटताना तीच कणी नेमकी कडेला येते आणि पारी फोडते. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या माहेरच्या वाड्यात होळीला दोघीजणी पाट्याशी बसत, एक वाटायला आणि दुसरी गरम पुरण पुढे सारायला. यंत्राला ही दुसरी व्यक्ती लागत नाही, हा त्याचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण आहे, आणि आज ज्या घरांत सणाचा स्वयंपाक एकट्या-दुकट्या माणसावर पडतो तिथे तो फारच मोलाचा आहे. पाट्यावरच्या पुरणाची चव यंत्राला येत नाही, असे कुणी म्हणाले की सासूबाई सरळ सांगत, ‘‘खांदा भरून आला म्हणून पुरण काही जास्त गोड होत नाही गं.’’

त्यांचे प्रमाण सोपे होते आणि या यंत्राला ते चांगले मानवते. एक वाटी हरभऱ्याची डाळ तास-दोन तास भिजवावी आणि तिप्पट पाणी, चिमूटभर हळद व चमचाभर तेल घालून कुकरमध्ये शिजवावी. बोटांत दाबताच ती पूर्ण मोडली पाहिजे. चाळणीवर कट, म्हणजे डाळीचे पाणी, निथळून घ्यावा, डाळीत एक वाटी चिरलेला गूळ घालावा आणि मध्यम आचेवर कालथा उभा राहीपर्यंत आटवावे. चिकीचा गूळ घेऊ नये, त्याने पुरण गार झाल्यावर आवळते आणि पोळी चिवट होते. वेलची आणि जायफळ घालून पुरण कढत असतानाच यंत्रात टाकावे. गार होऊ दिले तर गुळाचा पाक घट्ट होतो, जाळीची भोके बुजतात आणि मग दोष यंत्राला दिला जातो. काही घरांत आधी डाळ वाटून घेतात आणि मग गूळ घालून शिजवतात. यंत्र त्या पद्धतीने हलके फिरते हे खरे, पण वाटलेली डाळ आटताना हातावर उडते, म्हणून मला ती पसंत नाही.

मिक्सरशी तुलना टाळता येणार नाही. मिक्सरच्या वेगवान पात्यांखाली शिजलेल्या डाळीतला पिष्टमय पदार्थ जास्त मोकळा होतो आणि पुरण चिकट, खळीसारखे होते. ते पारीत भरताना बोटांना ओढत राहते. यंत्र डाळीला कापत नाही, जाळीतून दाबून बाहेर काढते, त्यामुळे पुरण मऊ असूनही मोकळे राहते. वेळ मिक्सरला कमी लागतो, यात वाद नाही. दोन वाट्या डाळीचे पुरण यंत्रातून काढायला पंधरा-वीस मिनिटे जातात आणि शेवटी शेवटी मनगट बोलू लागते, कारण या यंत्राची मूठ प्लॅस्टिकची आणि गरजेपेक्षा बारीक आहे. मी तिच्यावर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली आहे.

होळीनंतर पंधरा दिवसांत पाडवा येतो आणि तिथे या यंत्राचे दुसरे रूप दिसते. चक्का आणि साखर एकत्र करून तासभर ठेवावी आणि मग सर्वांत बारीक जाळीतून काढावी. चक्क्याच्या गुठळ्या मोडतात, साखर एकजीव होते आणि श्रीखंडाला तलमपणा येतो. आमच्या माहेरी हे काम वडिलांचे असे. एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारे वडील पाडव्याला आणि दसऱ्याला बनियनवर, पातेले दोन पायांत घट्ट धरून यंत्र फिरवत बसत आणि जाळीखालच्या तारेला लागलेले श्रीखंड आम्हा भावंडांना बोटाने पुसून घ्यायला मिळे. मापे मात्र ते आईला विचारत: चक्क्याच्या वजनाइतकीच साखर, केशर कोमट दुधात खललेले, जायफळ नावापुरते. मला इतकी साखर आता सोसत नाही, म्हणून मी पाऊणपट घेते. चक्क्याला यंत्र शंभर टक्के उतरते, पुरणापेक्षाही चांगले.

नागपंचमीला चिरणे, भाजणे, तळणे वर्ज्य असते, म्हणून त्या दिवशी पुरणाचे दिंडे. सणावाराच्या सगळ्या पदार्थांत नवशिक्याने सुरुवात करावी असा हा पदार्थ आहे, कारण यात पोळी फुटण्याची धास्ती नाही. घट्ट भिजवलेल्या कणकेची पुरी लाटावी, मधोमध चमचाभर पुरण चौकोनी ठेवावे, चारी बाजू त्यावर दुमडाव्या आणि हळदीच्या पानावर किंवा तेल लावलेल्या चाळणीत बारा-पंधरा मिनिटे उकडावे. माझी आजी दिंड्यावर तूप ओतण्याआधी बोटाने मध्ये खळगा करी, तूप ताटात वाहून जाऊ नये म्हणून. दिंड्यांसाठी पुरण थोडे जाडसर असले तरी बिघडत नाही, त्यामुळे मधली जाळी वापरावी आणि अर्ध्या वेळात मोकळे व्हावे.

श्रावणातल्या शुक्रवारी मात्र यंत्र निरुपयोगी ठरते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जिवतीच्या पूजेला आणि मुलांना ओवाळायच्या पुरणाच्या दिव्यांना मूठभर डाळ पुरते, आणि एवढ्याशा डाळीचे पुरण पाते आणि जाळी यांच्यामध्येच पसरून बसते. खाली येते त्यापेक्षा जास्त यंत्र धुताना वाहून जाते. त्यासाठी पुरणाची साधी चाळण आणि एक वाटी पुरे. वाटीच्या पाठीने दाबत पुरण उतरवावे, पाच मिनिटांचे काम आहे. ज्यांच्या घरी कायमच दोघांपुरता स्वयंपाक असतो त्यांनी यंत्र घेऊच नये, किंवा घ्यायचे तर सर्वांत लहान आकाराचे घ्यावे.

गौरीजेवणाला उलट परिस्थिती असते. ज्येष्ठा नक्षत्रावर गौरींचे पूजन, नैवेद्याला पुरणपोळी, आणि पंगतीला माणसे किती होतील याचा नेम नाही. एका वर्षी पाहुण्यांचा आकडा ऐकून मी पेठेतल्या एका मिठाईच्या दुकानातून तयार पुरण आणले होते. ते गुळाचा रंग दिलेल्या साखरेचे निघाले, पोळी तव्यावर टाकताच कडेने पाक सुटला आणि शिवाय कट नाही म्हणजे आमटी नाही. कटाच्या आमटीशिवाय पुरणपोळीचे जेवण आमच्याकडे कुणी जेवण मानत नाही. माझ्या सांगलीकडच्या आत्या तर तिला येळवणी म्हणत आणि पोळीपेक्षा तिच्याच वाट्या जास्त रिचवत. त्यांची कृती अशी: कटात चिंचेचा कोळ, गूळ, भाजलेले खोबरे-जिरे वाटून, काळा मसाला आणि चमचाभर पुरण घालावे, वरून मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी द्यावी आणि चांगली उकळावी. पुण्यात आम्ही काळ्याऐवजी गोडा मसाला घालतो. आत्यांना तो ‘‘आजाऱ्याचा मसाला’’ वाटे. तेव्हा माणसे कितीही असोत, पुरण घरीच करावे आणि आदल्या रात्री यंत्रातून काढून ठेवावे. मध्यम आकाराचे यंत्र चार वाट्या डाळीपर्यंत दोन घाण्यांत तग धरते. त्यापुढे थोडा वेळ थांबावे लागते.

पितळी यंत्रे अजूनही तुळशीबागेत दिसतात आणि दिसायला फार देखणी असतात. ती वजनाला जड असल्याने पातेल्यावर हलत नाहीत, हा त्यांचा फायदा. पण पितळेला आतून कल्हई हवी, विशेषतः आंबट चक्क्यासाठी, आणि दारावर येणारे कल्हईवाले आता क्वचितच दिसतात. सासूबाईंचे पितळी यंत्र आमच्याकडे आहे. कल्हई उडाल्यापासून ते वापरात नाही. रोजच्या व्यवहाराला स्टीलच बरे.

धुण्याविषयी एवढेच की काम संपताच सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात टाकावेत, कारण वाळलेले पुरण भोकांतून काढायला टाचणी घेऊन बसावे लागते. स्प्रिंग आणि चाकी बहुधा हलक्या लोखंडाची असते, स्टीलची नव्हे. ती पुसून तेलाचा हात लावून ठेवली नाही तर पुढच्या सणाला गंजलेली सापडते. दुकानातच यंत्र जोडून, मूठ फिरवून, पाते जाळीवर कुठे उचलले जाते का हे उजेडात धरून पाहावे आणि सुटी स्प्रिंग जास्तीची मागून घ्यावी. मला ती वीस रुपयांत मिळाली. खरेदी आषाढात उरकावी, गणपती आठवड्यावर आले की त्या गल्लीत उभे राहायलाही जागा मिळत नाही आणि दुकानदार कुणालाही यंत्र उघडून दाखवत नाही.