नाकातले पॉलिप, वाकडा पडदा आणि गिरगावातलं एक नर्सिंग होम

ठाकूरद्वारला माझं पोळीभाजी केंद्र आहे. आमटीत गोडा मसाला पुरेसा पडला की नाही हे मी पातेल्यावरच्या वाफेवरून ठरवते. गेल्या पावसाळ्यानंतर तो वासच बंद झाला. आधी दोन्ही नाकपुड्या चोंदायला लागल्या, मग रात्रभर तोंड उघडं, सकाळी घशाला कोरड. शेवटी एकदा तुरीची डाळ पार करपली तरी मला पत्ता नाही. मदतीला येणाऱ्या काकूंनी ओरडून गॅस बंद केला. खारट, आंबट, गोड जिभेला कळत होतं, पण फोडणीत हिंग पडलाय की नाही, जिरं तडतडलं की जळलं, काही समजेना. सगळ्यात जास्त धास्ती सिलिंडरची. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, आणि तोच मला येत नव्हता.

हा अनुभव गिरगावातल्या एका जुन्या, छोट्या नर्सिंग होमचा आणि तिथल्या ईएनटी सर्जनचा. नाव लिहीत नाही, कारण एक तक्रारही सांगायची आहे आणि ती मी त्यांच्याकडे लेखी दिलेली आहे.

त्यांच्याआधी दुसरीकडे गेले होते. तिथे टॉर्च मारून पाहिलं, ‘हाड वाढलंय, काढून टाकू’ म्हणाले आणि लगेच तारीख द्यायला निघाले. या डॉक्टरांनी नाकात बधिर करणारा स्प्रे मारला, पातळ दुर्बीण आत सरकवली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन्ही बाजूंना सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, ओलसर गोळे. हे पॉलिप. ते दुखत नाहीत, त्यामुळे माणूस सर्दी समजून वर्षानुवर्षं काढतो. ते एकाच बाजूला असतील किंवा एकाच नाकपुडीतून सारखं रक्त येत असेल तर मात्र जास्त बारकाईने तपासावं लागतं, गरज पडल्यास तुकडा तपासायला पाठवतात, हेही त्यांनी सांगितलं. आणि हाड वाढलं वगैरे काही नव्हतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढे कूर्चेचा असतो, मागे हाडाचा, आणि तो बऱ्याच लोकांचा थोडाफार वाकडा असतोच. श्वासाला अडथळा होत नसेल तर त्याला हात लावायची गरज नसते. माझा डावीकडे इतका झुकला होता की त्या बाजूने दुर्बीण जाताना अडत होती.

पहिल्या भेटीत त्यांनी ऑपरेशनचा विषय काढलाच नाही. दमा आहे का, अॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीने कधी धाप लागली का, हे खोदून विचारलं. पॉलिप असणाऱ्या काही जणांना हे तिन्ही एकत्र असतं म्हणे. मग मिठाच्या पाण्याने नाक धुणं, स्टिरॉइडचा स्प्रे आणि थोडे दिवस गोळ्या. स्प्रे कसा मारायचा ते स्वतः दाखवलं: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, टोक बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नको, नाहीतर रक्त येतं. इतकी वर्षं औषधं घेतेय, एवढी साधी गोष्ट कुणी शिकवली नव्हती.

गोळ्या चालू होत्या तेवढे दिवस वास परत आला आणि त्या थांबल्यावर गेला. मी रडकुंडीला आले, पण डॉक्टरांनी हे चांगलं लक्षण धरलं. म्हणजे वासाची नस जिवंत आहे, वाट अडलीये. गोळ्या कायम घेता येत नाहीत, साखर, रक्तदाब, हाडं सगळ्यावर परिणाम होतो. तेव्हा कुठे सीटी स्कॅन आणि ऑपरेशनची, म्हणजे पॉलिप काढून वाकडा पडदा सरळ करण्याची, गोष्ट निघाली.

सीटी त्यांनी आम्हाला दिव्यासमोर धरून दाखवला. सायनस म्हणजे गालांत, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि पार मागे असलेल्या हवेच्या पोकळ्या. त्यातल्या काहींच्या आणि डोळ्याच्या मधे कागदासारखं पातळ हाड असतं, वरच्या बाजूला मेंदूचा तळ. म्हणून डोळ्याला इजा होणं किंवा मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं हे धोके असतात, क्वचित घडतात, पण सही करण्याआधी माहीत असलेच पाहिजेत, असं ते स्पष्ट बोलले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला भोक पडणं, आत चिकटून जाळी धरणं हेही सांगितलं. आणि वर हे, की पॉलिप पुन्हा येऊ शकतात.

आमचे हे पटकन म्हणाले, “मग करायचं कशाला?”

डॉक्टर म्हणाले, “काका, आत्ता यांनी मारलेला स्प्रे दारातच अडतोय. ऑपरेशनने मी दार मोकळं करून देणार. औषध पुढेही चालूच राहील, फक्त ते आता जिथे पोचायला हवं तिथे पोचेल.”

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर याच उत्तराने वाटला. ‘एकदा करून टाका, कायमची सुट्टी’ असं सांगणारे कमी नाहीत. पॉलिपच्या बाबतीत तसं सांगणाऱ्याकडून मी पर्स उचलून बाहेर पडेन.

चाळीत मात्र सगळ्यांना एकच प्रश्न: नाक सरळ होणार का? नाही. सगळं काम नाकपुडीतून, दुर्बिणीने होतं, बाहेर एक टाका नाही, आकार बदलत नाही. आकार बदलणारी शस्त्रक्रिया वेगळी, तिचं कारण वेगळं आणि खर्चही वेगळा. विमावाले ती सहसा देत नाहीत, म्हणून कागदांवर नेमकं काय लिहिलंय ते बघून घ्यावं.

बायकांसाठी एक सूचना, जी कुठल्याच छापील कागदावर नव्हती. चमकी काढावी लागते. माझी लग्नाआधीपासूनची, मळसूत्र पार घट्ट बसलेलं. ऐनवेळी ऑपरेशन थिएटरच्या दारात ओढाताण नको म्हणून आदल्या दिवशी सोनाराकडे गेले. त्याने तेलाचा थेंब सोडून अलगद फिरवून काढली आणि भोक बुजू नये म्हणून काही घालायचं का विचारलं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी धातूचं काहीच नको सांगितलं. नेलपॉलिशही पुसून जा.

भूल पूर्ण दिली, त्यामुळे ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही. सहा तास आधी खाणं बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायच्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. जाग आल्यावर दुखणं मला वाटलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. त्रास झाला तो दोन्ही नाकपुड्यांत भरलेल्या पॅकचा, म्हणजे रक्त थांबवायला घातलेल्या बोळ्यांचा. तोंडाने श्वास, ओठ सुकलेले, घोट गिळला की कानांत दडा बसतो. हल्ली काही सर्जन पॅक न ठेवता किंवा विरघळणारा ठेवून काम करतात; आपल्याला काय ठेवणार ते आधी विचारा म्हणजे जाग आल्यावर घाबरगुंडी उडत नाही.

तक्रार त्या रात्रीची. नाकाखाली गॉजची पट्टी चिकटवतात, ती रक्ताने ओली होते आणि बदलावी लागते. थोडं गुलाबी, पातळ पाझरणं चालतं, ताजं लाल रक्त सारखं ठिबकणं किंवा घशात उतरत राहणं चालत नाही. हा फरक मला सकाळी डॉक्टरांनी सांगितला. रात्री बेल दाबली तर बराच वेळ कुणी फिरकलं नाही, शेवटी सोबत राहिलेल्या माझ्या भाचीने पट्टी बदलली. अंधारात, बोलता न येणाऱ्या, घाबरलेल्या पेशंटला असं सोडणं मला अजिबात मान्य नाही. इतक्या चांगल्या सर्जनच्या हाताखाली रात्रपाळीला एक जबाबदार सिस्टर असायलाच हवी.

पॅक काढताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण काम क्षणांचं. नंतर मोकळं वाटेल असं समजून बसू नका. आत सूज असते, नाक पुन्हा चोंदतं. वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर राहिले. पडद्याच्या कामानंतर असं होतं, हळूहळू सुटतं.

आणि खरं काम यापुढचं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, उशी उंच घ्यायची. वाकणं, वजन उचलणं दोन आठवडे बंद, म्हणजे माझ्यासाठी सिलिंडर, कणकेची परात आणि तव्यापुढची धग सगळंच. दिवसातून अनेकदा नाक धुणं. पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं थेट कधीच नको, क्वचित का होईना पण त्यातून अमिबाचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. आत खपल्या धरतात, त्या डॉक्टर दुर्बिणीखाली साफ करतात. या भेटी टाळणारे लोक असतात, असं तिथली रिसेप्शनिस्ट सांगत होती. टाळू नका. जाळी धरते ती याच काळात.

वास एकदम आला नाही. आधी साबणाचा, मग कॉफीचा. मग एका सकाळी हिंगाच्या डबीचं झाकण उघडलं आणि तो उग्र दर्प थेट कपाळात गेला. मी डबी काकूंच्या नाकाखाली धरून विचारलं, “हाच ना?” बारीक वास, म्हणजे ताज्या कोथिंबिरीचा वगैरे, अजून पूर्ण आलेला नाही.

पैशांचं थोडक्यात. पॅकेज विचारताना आतलं सामान धरून की वेगळं, हे विचारा. पॉलिप कापणाऱ्या यंत्राचं ब्लेड आणि पॅक माझ्या बिलात वेगळे लागले. बऱ्याच विमा पॉलिसींत सायनस आणि नाकाच्या पडद्याला पहिली दोन वर्षं कव्हर नसतं. डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसच्या मंजुरीसाठी आम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसलो. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार ही अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते, तेव्हा काउंटरवर हे ठणकावून सांगा. खासगी परवडणार नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत ईएनटी विभाग आहेत.

सर्जनला माझे पाचपैकी पाच, नर्सिंग होमला तीन. रात्री सोबतीला घरचं माणूस ठेवणार असाल तर जरूर जा, आणि आधीचा सीटी असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म घेऊन जा. ते रिपोर्ट बाजूला ठेवतात आणि फिल्म बघतात.