आधी शोधलं, मग फोडलं: नेरुळच्या आमच्या घरातली गळती आणि ती काढणारे मिस्त्री

मी घरी ब्लाउज शिवते. नवी मुंबईत नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून आहे, तिलाच टेकून माझं मशीन आणि गिऱ्हाइकांच्या साड्यांचं कपाट. या भिंतीला २०२३ च्या गणपतीनंतर ओल आली, ती २०२५ च्या मेपर्यंत हटली नाही. ज्या मिस्त्रींनी ती शेवटी घालवली त्यांच्या कामाबद्दल हे लिहिते आहे. नाव-नंबर देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. ते आणि त्यांचा भाचा, दोनच माणसं. पावसाळ्यात आहेत तेच फोन घेऊन होत नाहीत. पण त्यांनी काम कसं केलं ते वाचलंत तर तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला काय विचारायचं ते तरी कळेल.

आधी नुकसान सांगते, कारण "थोडी ओल आहे, रंग मारला की जाईल" असं म्हणण्यात आम्ही दीड वर्ष घालवलं. पहिल्यांदा नुसता कुबट वास यायचा. मग रंगाला फुगे, मग पोपडे, मग त्याखालून पांढरा लोणा, बोटाने घासला की पिठासारखा गळायचा. आमच्या बाथरूमच्या छताचा परातीएवढा तुकडा एका पहाटे खाली पडला, आतली सळई गंजून फुगलेली दिसत होती. नशीब की तेव्हा आत कोणी नव्हतं. मशीनच्या चाकाला हात लावला की कधीकधी मुंग्या यायच्या. मी समजायचे थकव्यामुळे होतंय.

आणि एक दिवस कपाटाचा खालचा कप्पा उघडला तर मागची प्लाय फुगून सुटली होती. तिला टेकून एका ताईंची पैठणी ठेवलेली, फॉल-पिकोला आलेली. घडीच्या कडेला चहा सांडल्यासारखी तपकिरी रेघ, वीतभर लांब, नेमकी पदराच्या काठावर. ती साडी त्यांच्या आईची होती. ड्रायक्लीनिंगवाल्याने दोनदा प्रयत्न केला, डाग फिका झाला, गेला नाही. मी पैसे देऊ केले, त्या म्हणाल्या, "पैशाचं काय करू मी?" मला त्या रात्री झोप लागली नाही. बावीस वर्षं लोक माझ्याकडे विश्वासाने कापड टाकून जातात.

मिस्त्री यायच्या आधी दोघांनी हात मारून झाला होता. पहिला रंगारी. जानेवारी २०२४ मध्ये त्याने भिंत खरवडली, पुट्टी भरली, ओल रोखणारा म्हणून एक कोट मारला, ₹९,००० घेतले. पावसाळा संपायच्या आत परत फुगे. आता कळतं की पाणी भिंतीच्या पाठीमागून येत असताना पुढून कितीही लेप दिला तरी ते तो लेप ढकलून बाहेर येणारच. नंतर जाहिरात करणारी एक कंपनी आणली. टाइल्स न फोडता, पाच वर्षांची गॅरंटी, ₹२८,०००. त्यांनी वरच्या बाथरूममधल्या टाइल्सचे सांधे भरले आणि आमच्या छताला भोकं पाडून नळ्यांतून केमिकल सोडलं. चार महिने कोरडं राहिलं. मार्च २०२५ मध्ये पाणी जुन्या जागेपासून हातभर बाजूला निघालं. कंपनीचा माणूस म्हणाला ही नवीन गळती आहे, गॅरंटीत बसत नाही. सांधे भरण्याची पद्धतच वाईट असं मी म्हणणार नाही, गळती सांध्यांतून असेल तर ती चालते. आमच्याकडे गळती सांध्यांतून आहे का, हे त्यांनी कधी तपासलंच नाही.

मिस्त्री एप्रिलमध्ये पहिल्यांदा आले ते रिकाम्या हाताने. हातोडा नाही, छिन्नी नाही. मशीनच्या मुंग्या ऐकल्या आणि भिंत बघायच्या आधी मेन स्विच पाडायला लावला. म्हणाले, "ताई, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोपर्यंत मी या भिंतीला हात लावणार नाही." इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर वायरींच्या पाइपातून आलेलं पाणी आत साचलेलं. त्याने बोर्ड समोरच्या कोरड्या भिंतीवर नेला आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे करंट भलतीकडे झिरपला की लाइन आपोआप तुटते. घरात ओल असेल तर बाकी सगळं थांबू दे, हे आधी करून घ्या. मी दीड वर्ष त्या मशीनवर बसत होते आणि दुपारी माझी नात मांडीवर असायची.

मग त्यांनी एकच काम सांगितलं. रोज सकाळी सात वाजता ओलीच्या कडेवर रेघ मारायची आणि बाजूला तारीख टाकायची. माझ्याकडे कापडावर खुणा करायचा निळा खडू होताच. रोज एक रेघ. आठवड्याभरात भिंतीवर एकात एक अशा वाकड्यातिकड्या रेघा झाल्या, खाली रुंद, वर निमुळत्या. रेघ आज बोटभर वर गेली का खाली आली, हे मी उठल्या उठल्या चहाच्या आधी बघायला लागले.

त्या रेघांनीच अर्धं काम केलं. वरचे काका-काकू लग्नाला चार दिवस कोल्हापूरला गेले. त्या चार दिवसांत ओलीची कड दोन बोटं मागे हटली. ते परत आले, आंघोळी सुरू झाल्या, आणि दोन दिवसांत कड पुन्हा पुढे. मिस्त्रींनी तारखा बघितल्या आणि समजावून सांगितलं. नळाला पाणी आणणारी लाइन टाकीच्या दाबाखाली असते, वर कोणी असो-नसो, ती फुटली तर चोवीस तास गळणार. पावसाचं पाणी असेल तर ते पावसाबरोबर येणार, आणि आमची ओल तर भर एप्रिलमध्ये होती. घर बंद असताना जी कमी होते ती वापरलेल्या पाण्याची, सांडपाण्याची गळती. इतकं साधं आहे हे, पण आधीच्या दोघांपैकी एकानेही "वरचे लोक घरी नसताना काय होतं" एवढं विचारलं नव्हतं.

पुढची तपासणी वरच्या घरात, आणि खरी अडचण तिथेच होती. वरच्या काकूंशी आमचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. त्यांनी दहा वर्षांपूर्वी बाथरूम नवीन करून घेतलं होतं, वर त्या कंपनीचं काम झालेलं. आमच्याकडून पाणी नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मिस्त्री स्वतः वर गेले आणि म्हणाले, "आजी, मी फोडायला आलो नाही, नुसतं पाणी ओतून बघायचंय."

आधी त्यांनी नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं ते जाळीखालचं भांडं, बोळ्याने गच्च बंद केला आणि बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवून दोन दिवस तसंच ठेवलं. काका-काकूंनी आंघोळीला आमच्याकडे यायचं ठरलं, आणि ते आले. दोन दिवसांत भिंतीवरची कड पुढे सरकली नाही. म्हणजे फरशी आणि तिचे सांधे ठीक. मग बोळा काढून, दोन बादल्या पाण्यात खाण्याचा हिरवा रंग कालवून ट्रॅपमध्ये ओतला. हिरवाच का, तर लाल ओतला की गंजाच्या पाण्यात वेगळा ओळखू येत नाही.

सकाळी दहाला ओतलं. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या बाथरूमच्या छताला, तो तुकडा पडला होता तिथे, सळईच्या टोकाशी एक थेंब जमायला लागला. मी स्टुलावर चढून बघत होते. आधी मळकट, मग पातळ पोपटी, मग मोठा होऊन खाली सुटला आणि पांढऱ्या मगमध्ये पडला. तिथे शंकाच उरली नाही. मी काकूंना हाक मारली. त्या आल्या, मगमध्ये बोट बुडवून उजेडात धरलं, आणि म्हणाल्या, "अगं बाई, आमच्याकडचंच आहे की हे." दोन वर्षांचं भांडण तिथे संपलं.

मग फोडलं, पण किती? वरच्या बाथरूममधल्या ट्रॅपच्या भोवतीच्या नऊ टाइल्स, बस्स. त्याआधी आम्हाला सगळं बाथरूम उकरायचे ₹६५,००० सांगणारेही भेटले होते. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. कोबा निघाला तो काळा, चिकट, गटारासारखा वास मारणारा. खाली बिडाचा जुना ट्रॅप, आणि दहा वर्षांपूर्वीच्या कामात त्याला पीव्हीसीचा पाइप जोडलेला, नुसतं सिमेंट थापून. सिमेंट दोन्हींपासून सुटलं होतं. प्रत्येक आंघोळीचं थोडं पाणी त्या फटीतून कोब्यात जायचं, कोबा स्पंजसारखा भरायचा आणि तुळईच्या कडेने आमच्या बेडरूमच्या भिंतीत उतरायचं. म्हणून ओल एकीकडे आणि गळती दुसरीकडे. कंपनीच्या केमिकलने एक वाट बुजवली, पाण्याने शेजारची धरली.

त्यांनी पीव्हीसीचा नवीन ट्रॅप बसवला, ट्रॅपच्या भोवती न आकसणारं ग्राऊट, म्हणजे फटीत भरायचं पातळ सिमेंट, भरलं, त्यावर पॉलिमर-सिमेंटचे दोन कोट, भिंतीवरही फूटभर वर चढवून. जुनं आणि नवीन जिथे मिळतं तिथेच पुढे चीर जाते म्हणून त्या रेषेवर फायबरची जाळी. टाइल्सखालच्या मालात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलं, तेही डब्यावर लिहिल्याप्रमाणे सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २०० मिली, मापाने. जास्त ओतलं म्हणजे जास्त पक्कं होतं असं नाही, हे त्यांनी भाच्याला माझ्यासमोर सांगितलं. टाइल्स लावायच्या आधी पुन्हा ४८ तास पाणी भरून ठेवलं. आमच्या छताच्या सळया तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, मग मॉर्टर भरलं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो, त्यामुळे नुसतं प्लास्टर थापून भागत नाही. आमच्याकडे तर खाडीची खारी हवाही आहे.

खर्च: तपासणीचे ₹१,५००, वरचं काम ₹१९,५००, आमच्या छताचं ₹६,०००. तपासणीचे पैसे वेगळे मागितले तेव्हा मला खटकलं होतं, बाकीचे तर बघायला फुकट येतात. आता वाटतं, फुकट बघणाऱ्याला फोडण्यातच पैसे मिळतात, त्यामुळे तो फोडायलाच सांगतो.

त्यांनी तपासणीत काय केलं, काय दिसलं, हे तारखांसकट कागदावर लिहून सही करून दिलं. त्याचा फार उपयोग झाला. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, क्रमांक ६८ मध्ये, गच्चीची गळती, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असं आहे, बाकीचं सभासदाने. आमचे सेक्रेटरी दोन वर्षं "तुमचं तुम्ही बघा" म्हणत होते आणि आम्ही सोसायटीला दोष देत होतो. कागदावर कारण आल्यावर वाद राहिला नाही: ट्रॅप काकूंच्या घरातला, खर्च त्यांनी केला, आमच्या छताचा-भिंतीचा आम्ही. तुमच्याकडे कारण बाहेरच्या पाइपात निघालं तर हाच कागद कमिटीपुढे ठेवता येईल.

आता जे आवडलं नाही ते. पाच दिवस सांगून नऊ दिवस लागले, आणि तेवढे दिवस काका-काकूंची आंघोळ आमच्याकडे. डेब्रिजच्या गोण्या जिन्यात तीन दिवस पडून होत्या, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना त्यातून वाट काढावी लागली, हे मला अजिबात पटलं नाही. फोन संध्याकाळी सातनंतरच उचलतात. जुन्या टाइल्स जुळल्या नाहीत. तुर्भ्याला आणि कोपरखैरणेला फिरून आम्हीच जवळपासचा रंग आणला, त्या नऊ टाइल्स आजही वेगळ्या दिसतात. रंगकाम ते करत नाहीत.

आणि एक गोष्ट त्यांनी आधीच सांगितली होती, तरी मी घाबरलेच. काम मेच्या मध्याला संपलं, तीन आठवड्यांनीही भिंत ओलीच. २०२५ ला पाऊस मेमध्येच आला, हवा दमट, भिंत वाळणार कशी? मी रोज फोन करायचे. ते दोनदा येऊन दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र लावून गेले. आकडा किती आहे याला फार अर्थ नाही, मागच्या वेळेपेक्षा कमी झाला का ते बघायचं, म्हणाले. कोब्यात आणि विटांत मुरलेलं पाणी बाहेर पडायला महिने लागतात, आणि तोवर रंग मारला तर ते आतच कोंडून राहतं. या दोन फेऱ्यांचे पैसे घेतले नाहीत.

माझ्या खडूच्या रेघा ऑगस्टपर्यंत पूर्ण कोरड्यात गेल्या. सबंध पावसाळा गेला, नवीन रेघ मारावी लागली नाही. रंग दिवाळीनंतर दिला. कपाट नवीन केलं, पण आता ते भिंतीपासून चार बोटं पुढे आहे, मागे हात जाईल एवढं. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिथे हात फिरवून बघते. पैठणीवाल्या ताई मार्चमध्ये पुन्हा दोन ब्लाउज टाकून गेल्या.