गिझर बसवला, दुसऱ्या खेपेला

२५ लिटरचा गिझर. पाणी भरलं की नुसत्या पाण्याचंच २५ किलो वजन. कंपनीने पाठवलेल्या पोराने भिंत वाजवूनही न बघता फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) ठोकले. आठ दिवसांत ब्रॅकेट बोटभर खाली! आमची भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटी ठोकळ्यांची; फास्टनर आवळला की आत भुगा होतो. मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने त्याचा मिस्त्री धाडला. त्याने आधी एमसीबी पाडून वीज बंद केली, ड्रिलचा पांढरा भुसा चिमटीत धरून म्हणाला, "काका, हा खडूच की." भिंतीला आरपार भोकं पाडून बाल्कनीच्या बाजूने लोखंडी पट्टी लावली, नटबोल्ट आवळले आणि ब्रॅकेटला चक्क लोंबकळून पाहिलं. साडेसातशे घेतले. पट्टी दिसते म्हणून बायको कुरकुरते. पसारा मात्र मलाच झाडावा लागला.