पकडापकडी की उशांचा डोंगर?

संध्याकाळी अडीच वर्षांची लेक सोफ्यावरून उड्या मारायला लागली की माझ्याकडे दोन खेळ असतात.

पकडापकडीला काहीच सामान लागत नाही. पण घरात फरशी गुळगुळीत आणि टेबलाचे कोपरे नेमके तिच्या कपाळाच्या उंचीवर. या वयाची मुलं धावतात भन्नाट, पटकन थांबता मात्र येत नाही. म्हणून हा खेळ अंगणातला, बागेतला. जेवणाच्या तोंडावर तर नकोच. मूल इतकं चेकाळतं की घास तोंडात जात नाही.

उशांचा डोंगर मला जास्त आवडतो. खाली गादी, वर चार उशा आणि एक लोड. चढायचं, घसरायचं, उशी कवटाळून दुसऱ्या खोलीत न्यायची, परत आणायची. लोड ढकलताना लेक ओठ घट्ट मिटते, पायाची बोटं फरशीत रुतवते. सगळं अंग कामाला लागतं. थोड्या वेळाने आपणहून पाणी मागते आणि गादीवर आडवी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी. त्यामुळे आमच्याकडे सकाळी बागेत पकडापकडी आणि संध्याकाळी, पावसाळ्यात तर दिवसभर, डोंगर.