जागलीसाठी क्विल्ट घ्यावी की स्लीपिंग बॅग?

टाळकी ज्वारी हुरड्यात येते, हरभऱ्याला घाटे धरतात आणि रोही-रानडुकरांपायी शेतातल्या आखाड्यावर रात्रीची जागल सुरू होते. त्यात लाइटीची पाळी रात्रीची आली की पाणी द्यायलाही रात्रीच रानात जावं लागतं. पूर्वी एक वाकळ खाली, एक वर आणि खांद्यावर घोंगडी एवढ्यावर भागायचं. आता बरेच जण स्लीपिंग बॅग घेतात, आणि अलीकडे क्विल्टबद्दलही विचारतात. बाहेरच्या देशांत ही तुलना शिकारीच्या मुक्कामासाठीही होते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार बंद आहे, पण जागलीची गरज बरीचशी तशीच: थंडीत उघड्यावर पडायचं, झोपेतून एकदम उठायचं आणि परत त्याच उबेत शिरायचं.

आधी थंडीचा हिशोब नीट करा. मराठवाड्यात हिवाळ्यात रात्रीचा पारा एरवी १० ते १४ अंशांत असतो. लाट आली की परभणीकडं तो ५-६ अंशांवर, कधी त्याखालीही उतरतो. हा आकडा जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पेटीतल्या तापमापकाचा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहून ३-४ अंश कमी भरतात. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी खोलगट जागेत साचते. म्हणून पूर्णा-दुधनेच्या काठचं रान आणि त्याच गावातला माळ यांच्या थंडीत फरक पडतो. लाटेच्या रात्री सोडल्या तर नदीकाठच्या माणसानं ५ अंश धरून अंथरूण निवडावं. माळावर ८ धरले तरी चालतील.

आता दोन्हींतला मूळ फरक. स्लीपिंग बॅग म्हणजे चारही बाजूंनी भराव असलेली, चेननं बंद होणारी पिशवी. बहुतेकींना टोपीही असते. क्विल्टला पाठीचा भाग नसतो. पायाकडं पिशवीसारखी खोळ, वर पांघरूण, आणि कडा खालच्या मॅटला बांधायला दोन-तीन पट्टे. पाठीखालचा भाग काढून टाकण्यामागं साधं कारण आहे. ऊब कापूस, पॉलिएस्टर किंवा पिसं देत नाहीत, त्यांच्यात अडकलेली हवा देते. अंगाच्या वजनानं भराव दबला की हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. म्हणजे बॅगेतही पाठीखालचा भराव फारसा कामाचा राहत नाही. आपण त्याचं वजन मात्र वाहत असतो.

इथंच बहुतेकांची चूक होते. महागडी बॅग घेतात, उघड्या बाजेवर टाकतात आणि पहाटे तीनला पाठ गारठते. बाजेच्या सुतळीतून खालची हवा सरळ लागते, वर बॅगेचा पाठीकडचा भराव दबलेला. बॅगेला नावं ठेवून उपयोग नाही, खाली काही नाही हे खरं दुखणं. बॅग असो वा क्विल्ट, खालचं अंथरूण आधी करा: बाजेवर जाड वाकळीची दुहेरी घडी आणि तिच्यावर फोमची मॅट. मॅटची थंडी अडवायची ताकद आर-व्हॅल्यू या आकड्यानं मोजतात. साध्या १० मिलिमीटर फोमची ती १ च्या आसपास असते, खाचाखाचांच्या घडीच्या मॅटची २ च्या आसपास. दोन मॅटा एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. आपल्याकडच्या थंडीला २ ते ३ पुरे. जमिनीवर झोपायची वेळ आली तर कडब्याच्या पेंढ्यांचा वीतभर थर, वर तळवट, मग मॅट. पण कडब्यात उंदीर येतात आणि त्यांच्या मागं साप. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणातही शिरते. म्हणून बाज असेल तर बाजच, आणि मच्छरदाणीच्या कडा मॅटखाली दाबून.

याउलट, बॅगेवर जड वाकळ टाकायचा मोह आवरा. वाकळीच्या वजनानं बॅगेचा फुगलेला भराव बसतो आणि ऊब वाढायच्या ऐवजी कमी होते. घरची वाकळ पाठीखाली घ्या, अंगावर हलकं फुगीर पांघरूण ठेवा. ही एक गोष्ट सांभाळली तरी निम्मी थंडी हटते.

जागलीच्या माणसाला रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागतं. कुत्रं भुंकलं, ज्वारीत धाटं मोडल्याचा आवाज आला की बॅटरी घेऊन निघायचं. ममीच्या आकाराच्या बॅगेत, म्हणजे पायाकडं निमुळत्या होत जाणाऱ्या, तेव्हा काय होतं ते बघा: दोन्ही हात आत, चेन मानेपाशी, दोरी आवळलेली. घाईत चेन ओढली की आतलं पातळ कापड दातांत अडकतं. आणखी जोर लावला तर कापड फाटतं नाहीतर चेनचं मुंगळं, म्हणजे ओढायचा सरकता भाग, निसटतं. मुंगळं उलट दिशेनं थोडं मागं घ्यायचं आणि कापड आडवं ताणायचं, मग ते सुटतं; पण तोवर डुकरं बांधाच्या पलीकडं जातात. क्विल्ट नुसती बाजूला फेकायची. शिवाय पायाची खोळ दोरीनं उघडणारी असेल तर तीच घोंगडीसारखी अंगावर घेऊन माचावर बसता येतं. नुसत्या जागलीसाठी क्विल्टचं पारडं इथं स्पष्ट जड आहे.

तिचं दुखणं वाऱ्याचं. कूस बदलली की कड उचलली जाते आणि थंड झोत सरळ पाठीवर येतो. झोपेत फार हालचाल करणाऱ्यानं अरुंद क्विल्ट घेऊ नये. रुंदी किमान ५४ इंच हवी, कुशीवर झोपणाऱ्याला ५८. पट्टे मॅटभोवती घट्ट बांधा. मॅट नसेल तर वाकळीच्या घडीभोवतीही बसतात. टोपी नसल्यामुळं कानटोपी आणि मफलर लागतोच. आणि थंडी वाजली म्हणून तोंड आत घालून झोपू नका, क्विल्टमध्येही नाही आणि बॅगेतही नाही. श्वासातली वाफ भरावात मुरते आणि पहाटेपर्यंत छातीवरचा भाग दमट होतो.

लेबलावरचे अंश वाचायलाही शिकून घ्या. बॅगांची चाचणी आयएसओ २३५३७ या प्रमाणानुसार होते आणि लेबलावर तीन आकडे येतात: कम्फर्ट (एवढ्या थंडीत आरामात झोप लागते), लिमिट (अंग आखडून कशीबशी लागते) आणि एक्स्ट्रीम. एखाद्या बॅगेवर ते ५, ० आणि उणे १५ असे असतील. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल एवढंच, झोप नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा अनेकदा लिमिटचा असतो. बायकांनी, वयस्कर माणसांनी आणि थंडी सोसत नाही अशा प्रत्येकानं कम्फर्टच बघावा. ही चाचणी खाली मॅट धरून केलेली असते, हेही ध्यानात ठेवा. क्विल्टचा आकडा बहुधा बनवणाऱ्याचा स्वतःचा अंदाज असतो, म्हणून आपल्या रानाला धरलेल्या थंडीहून ५ अंश जास्त थंडीची क्विल्ट घ्या. थोडक्यात नदीकाठच्या रानाला कम्फर्ट ५ ची बॅग, किंवा ० अंश लिहिलेली क्विल्ट.

भराव कोणता? पिसांचा भराव हलका, छोटा दाबला जाणारा आणि महाग. पण ओला झाला की गोळा होऊन बसतो आणि ऊब जवळजवळ संपते. रानात दव चुकत नाही. निरभ्र रात्री बाजेवरच्या कापडावर पहाटे हात फिरवला तर तळवा ओला होतो. पाणी देऊन आल्यावर पाय चिखलाचे असतात ते वेगळंच. आखाड्यावर पॉलिएस्टर भराव घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. तो थोडा जड असतो, पण भिजला तरी काही ऊब राखतो आणि उन्हात लवकर वाळतो. दवापासून बचावाला लिंबाखाली किंवा आंब्याखाली बाज टाका. झाडाखाली पांघरूण उघड्या आभाळाएवढं गार होत नाही, म्हणून दवही कमी धरतं. झाड नसेल तर वर ताडपत्री बांधा, पण दोन बाजू मोकळ्या ठेवा.

शेकोटीबाबत वाकळ-घोंगडी बऱ्या. क्विल्ट आणि बॅग, दोन्हींचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं. बाभळीच्या लाकडाची एक ठिणगी पडली तरी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडतं आणि त्यातून भराव येत राहतो. अशा भोकाला सुई लावू नका, टाक्यांची आणखी भोकं होतात. दुरुस्तीची चिकटपट्टी गोल कापून लावा. टोकं ठेवली तर तिथून उचलते. शेकायला बसताना वर लोकरी घोंगडी घ्या, लोकर सहजी पेट घेत नाही. बंद खोपीत निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपू नका, तिच्या विषारी वायूनं झोपेतच जीव जातो. त्यापेक्षा स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण तपासा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये ठेवा. आत शिरण्याआधी ओले मोजे बदला.

सगळ्यांनाच क्विल्ट घ्या असं म्हणणं नाही. जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाकाठी पक्षी बघायला किंवा गौताळा अभयारण्याच्या बाजूला मुक्कामाला जाणाऱ्यांना एकदा पडलं की सकाळीच उठायचं असतं, आणि पाण्यावरचा वारा अंगावर असतो. त्यांना टोपीवाली बॅग जास्त सोयीची. हिमालयात जायचा बेत असेल तर बॅगच. आणि जागल, हुरड्याचे पाहुणे, प्रवास असं सगळं एकाच वस्तूत भागवायचं असेल तर चौकोनी, पायापर्यंत आणि पुढं तळाशी फिरून जाणाऱ्या चेनची बॅग घ्या. पूर्ण उघडली की तिचं पांघरूण होतं, लाट आली की बंद करता येते. तिचं मुंगळं आतून आणि बाहेरून दोन्हीकडून ओढता यायला हवं.

दुकानात घडी उघडून झटका आणि अर्धा तास पसरून ठेवा. मग उजेडासमोर धरा. ज्या कप्प्यात भराव विरळ दिसतो तिथूनच थंडी शिरणार. चेनच्या आतून भरावाची जाड पट्टी आहे का ते चाचपा.

हंगाम संपला की बॅग किंवा क्विल्ट आखाड्यावर सोडू नका. धान्याच्या वासानं आलेल्या उंदरांना पॉलिएस्टरचा भराव घरट्याला फार आवडतो, आणि मृगापर्यंत त्यात पिलं झालेली असतात. उन्हात वाळवून, छोट्या पिशवीत न कोंबता, मोठ्या सुती पोत्यात सैल भरा आणि घरात आढ्याला टांगा.