सोशल सायकॉलॉजीचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स : दुसऱ्या आठवड्यासाठी तरी कराच

कोर्स संपून तीन आठवडे झालेत, मुद्दाम थांबले होते कारण असे कोर्स संपले की दोन दिवस डोक्यात नुसता उत्साह असतो आणि मग सगळं विरून जातं. हा विरला नाही म्हणून लिहितेय. आधीच सांगते की मी सायकॉलॉजीची विद्यार्थिनी नाही, अकाउंट्सचं काम करते, आणि कोर्स घेतला तो माणसं अशी का वागतात हे कळत नाही म्हणून, त्यातही माझीच माणसं.

स्वरूप साधं आहे. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, एकेक दहा-पंधरा मिनिटांचा, आठवड्याच्या शेवटी क्विझ आणि एक असाइनमेंट. शिकवणाऱ्या मॅडम शांत बोलतात, स्लाइड वाचून दाखवत नाहीत, प्रयोग सांगताना आधी विचारतात की तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं आणि मग थोडं थांबतात. ते थांबणं मला फार आवडलं, कारण तेवढ्या वेळात आपण मनात उत्तर देऊन मोकळे होतो आणि पुढच्या मिनिटाला ते उत्तर चुकलेलं असतं.

पहिला आठवडा ओळखीचा, त्यात फार काही नाही. खरा कोर्स दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो, विषय फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर, हे नाव मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये दिलं. म्हणजे दुसरा माणूस चुकला की आपण त्याचा स्वभाव काढतो, त्याची परिस्थिती बघतच नाही. आपण स्वतः चुकलो की मात्र परिस्थिती लगेच आठवते. मी उशिरा आले तर ट्रॅफिक होतं, तो उशिरा आला तर तो आहेच बेफिकीर.

यासाठी त्यांनी डार्ली आणि बॅटसन यांचा 1973 चा प्रयोग घेतलाय, प्रिन्स्टनमधला. विद्यार्थी सगळे धर्मशास्त्राचे, पुढे धर्मोपदेशक होणारे. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायला सांगितलं, वाटेत एक माणूस दारापाशी वाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. काहींना सांगितलेलं की निवांत जा, काहींना सांगितलेलं की तुम्हाला उशीर झालाय, लोक वाट बघतायत. निवांत असलेल्यांपैकी 63 टक्के लोकांनी काही ना काही मदत केली, घाईत असलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. आणि अर्ध्या लोकांच्या भाषणाचा विषय चक्क जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता, त्याने फारसा फरक पडला नाही! मी व्हिडिओ तिथेच थांबवला. कारण त्या घाईतल्या माणसाला मी बाहेरून बघितलं असतं तर एका सेकंदात म्हटलं असतं, काय निर्दयी माणूस आहे.

त्या आठवड्याची असाइनमेंट अशी की सात दिवस रोज कुणाबद्दल तरी मनात आलेलं एक मत लिहायचं, जसं आलं तसं, आणि खाली त्या माणसाच्या परिस्थितीत असू शकतील अशा तीन गोष्टी लिहायच्या. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, "ताई आता बदलली, तिला माझी गरज उरली नाही." तिने माझ्या मेसेजला नऊ दिवस रिप्लाय दिला नव्हता, ब्लू टिक दिसत होत्या आणि मी रोज उघडून बघत होते. खाली तीन गोष्टी लिहायला पेन घेऊन बसले तर एकही सुचेना. माझ्या सख्ख्या बहिणीचं सध्या काय चाललंय हे मला माहीतच नव्हतं! नऊ दिवस मी तिच्यावर चिडून होते आणि तिची एक अडचणसुद्धा मला लिहिता येत नव्हती. मग फोनच केला. तिच्या ऑफिसमधली दोन माणसं काढून टाकली होती, त्यांचं काम हिच्यावर आलेलं, रात्री एक वाजता मेसेज वाचायची आणि म्हणायची की उद्या नीट सविस्तर लिहीन, घाईघाईत नको. फोनवर पहिलं वाक्य म्हणाली, "अगं तुलाच लिहायचं राहिलंय." मला बोलताच येईना. कोर्सला पाचपैकी चार स्टार देतेय त्यातले दोन या एका फोनचे आहेत.

तिसऱ्या आठवड्यात सॉलोमन अ‍ॅश आणि मिलग्रॅम. अ‍ॅशचा 1951 चा रेषांचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल, दाखवलेल्या रेषेएवढीच लांब रेष कुठली ते ओळखायचं, खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवून ठेवलेले आणि ते मुद्दाम चुकीची रेष सांगतात, तेव्हा ज्याला हे माहीत नाही तो एकटा माणूस काय बोलतो. साधारण तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गर्दीसोबत चुकीचं उत्तर देतात. मॅडमनी हे छान सांगितलं पण पाव लोक एकदाही हलले नाहीत हे एका वाक्यात उरकलं, मला त्यांच्याबद्दल जास्त ऐकायचं होतं. मात्र एक गोष्ट त्यांनी जोर देऊन सांगितली, की खोलीत एकजण जरी खरं उत्तर देणारा असला तरी गर्दीचा दबाव एकदम उतरतो. हे ऐकल्यापासून मीटिंगमध्ये कुणी एकटं पडून बरोबर बोलत असेल तर मी तोंडाने "मलाही तसंच वाटतं" म्हणते, आधी नुसती मान हलवायचे.

मिलग्रॅमवर जरा जास्तच वेळ घालवलाय. त्याच्या प्रयोगात लोकांना हुकूम होता की समोरचा माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर वेळी आधीपेक्षा मोठा, झटके खोटे होते पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले हा आकडा चार वेळा येतो. त्यापेक्षा झटके खाणारा माणूस त्याच खोलीत असला किंवा हुकूम देणारा फोनवरून बोलत असला की ऐकणाऱ्यांचं प्रमाण घसरतं हे जास्त महत्त्वाचं आहे, ते शेवटच्या दोन मिनिटांत आलं.

चौथा आठवडा नात्यांचा, तो नवऱ्यासोबत बघितला. मायकेल रॉस आणि सिकोली यांनी 1979 मध्ये नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं होतं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती, आणि बहुतेक कामांत दोघांच्या आकड्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. कारण कुणी खोटं बोलतं असं नाही, आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपल्या डोळ्यांसमोर झालेलंच नसतं. आम्ही लगेच करून बघितलं, दोन कागद, एकमेकांचं बघायचं नाही. मी स्वतःला 75 दिले, त्याने स्वतःला 50. बेरीज 125. आकड्यावर आम्ही थोडं भांडलोसुद्धा, पण नंतर त्याच्या कागदाच्या खालच्या यादीत एक ओळ होती, "आईच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरणे, रविवारी रात्री". सहा वर्षं मी ती डबी भरलेलीच बघत आलेय, ती कोण भरतं असा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर असतात म्हणजे असतातच, असं काहीतरी. आणि माझ्या यादीतल्या अकरा गोष्टी त्याला माहीत नव्हत्या, त्याने त्या शांतपणे दोनदा वाचल्या. कागद अजून कपाटावर चिकटवलेले आहेत.

आता तक्रार, आणि ही मला मनापासून खटकलेली गोष्ट आहे. कोर्स जुना वाटतो. 1964 च्या किटी जेनोव्हीज खुनाची गोष्ट तशीच सांगितलीय, 38 जण खिडकीतून बघत राहिले आणि कुणी हललं नाही, पण ज्या न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी दिली त्यानेच 2016 मध्ये ते चित्रण चुकीचं होतं असं मान्य केलंय. त्या घटनेमुळे लाताने आणि डार्ली यांनी 1968 मध्ये केलेला प्रयोग मात्र भक्कम आहे, फिट आलेल्या माणसाचा आवाज ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक वेळेत मदतीला उठले, आणखी चार जण ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी 31 टक्के. मग खरी गोष्ट सांगायला काय हरकत होती? स्टॅनफर्डच्या 1971 च्या तुरुंग प्रयोगाचंही तेच, विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलेलं, सहा दिवसांत बंद करावा लागला एवढं सांगितलं, पण पहारेकऱ्यांना कडक वागायला आयोजकांकडूनच उत्तेजन मिळत होतं हे नंतर बाहेर आलं त्याबद्दल एक शब्द नाही. 2015 मध्ये सायकॉलॉजीचे 100 अभ्यास पुन्हा करून बघितले तेव्हा सुमारे 36 टक्केच पुन्हा तसे निघाले, हेही नाही. लोक इथलं ऐकून आपली लग्नं, आपली मुलं, आपले मित्र यांच्याबद्दल मत बनवतात, त्यांना कुठलं पक्कं आणि कुठलं डळमळीत हे कळायलाच हवं. एक स्टार याच्यासाठी कापलाय. कोर्सवाल्यांना तिन्ही मुद्दे ईमेल केलेत, "नोंद घेतली आहे" एवढंच उत्तर आलंय.

बारीकसारीक : पाचव्या आठवड्याचा आवाज खराब आहे, सबटायटल लावून बघा. क्विझ पाठांतराच्या आहेत, त्यात मार्क गेले तर मनाला लावून घेऊ नका. असाइनमेंट मात्र एकही सोडू नका, त्या वहीत हाताने लिहा, मोबाइलवर टाइप केलं की मत लिहून लगेच पुसता येतं आणि मग काही उपयोग नाही. सर्टिफिकेट हवं असेल तर आठही आठवड्यांच्या क्विझ द्याव्या लागतात, मी सातवी दिली नाही त्यामुळे माझ्याकडे नाहीये. चौथा आठवडा एकट्याने बघू नका, ज्याच्यासोबत राहता त्याला शेजारी बसवा, आणि दोन कागद आधीच काढून ठेवा.